भिलाईच्या वस्त्यांमधली मितानिन

छत्तीसगडमध्ये दारू पिणाऱ्यांचं प्रमाण देशात सर्वाधिक आढळलं आहे. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेलं व्यसनांचं राष्ट्रीय सर्वेक्षण 2019 साली प्रसिद्ध झालं. 10 ते 75 वयोगटात देशभरात 14.6 टक्के लोक दारू पितात, असं त्यात दिसलं. छत्तीसगडचा आकडा 35.6 टक्के होता. त्याच अहवालातली दुसरी एक नोंद मला जास्त अस्वस्थ करते. देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. उरलेले 37 घरात असतात, कामावर असतात, रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. ते कुणाला दिसत नाहीत असं अजिबात नाही. सगळ्या वस्तीला ते माहीत असतात.

मनाच्या आजारांचं चित्रही असंच आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडसह 12 राज्यं होती. मानसिक आजार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नाहीत, असं त्यातून पुढे आलं. आत्महत्यांची आकडेवारी तर सुन्न करणारी आहे. 2022 साली देशात लाखामागे 12.4 आत्महत्या नोंदल्या गेल्या, तर छत्तीसगडमध्ये 28.2. शहरांच्या यादीत दुर्ग-भिलाईनगर हे नाव अनेक वर्षं वरच्या बाजूला दिसत आलं आहे.

भिलाई म्हटलं की मराठी वाचकाला पोलाद आठवतं. सोव्हिएत साहाय्यानं उभारलेल्या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केलं. पुढे नागपूर आणि विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबं इथे नोकरीला आली आणि इथलीच झाली. सेक्टरांमध्ये आखलेली नगरी, झाडांचे रस्ते, शाळा आणि सेक्टर 9 मधलं मोठं रुग्णालय ही कायम कामगारांची भिलाई. तिच्या भोवती खुर्सीपार, कॅम्प, सुपेला, जामुल इथल्या वस्त्यांमध्ये ठेकेदाराकडे काम करणारी, हातावर पोट असलेली दुसरी भिलाई राहते. कायम कामगाराला आजारपणाची रजा असते आणि कारखान्याचा दवाखाना असतो. ठेक्यावरच्या माणसाचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी जाते. दारू दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की सेक्टरातल्या घराचा दरवाजा बंद करता येतो आणि वस्तीतल्या घरातलं भांडण चार घरांना ऐकू जातं.

मदत असूनही माणूस तिच्यापर्यंत का जात नाही? अंतर, पैसा, औषधांचा तुटवडा ही कारणं खरीच आहेत. त्यांच्या जोडीला लाज असते. ग्रॅहॅम थॉर्निक्रॉफ्ट हे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ आयुष्यभर या विषयावर काम करत आले. त्यांनी या लाजेची, या कलंकाची तीन अंगं सांगितली: अज्ञान, पूर्वग्रह आणि भेदभाव. म्हणजे माहिती नसणं, मनात अढी असणं आणि त्या अढीपायी प्रत्यक्षात वाईट वागणं. माहितीपत्रकं वाटली की अज्ञान थोडं हलतं, पण अढी जागची हलत नाही. नैराश्य हा आजार आहे हे पाठ म्हणून दाखवणारा माणूसही तशा घरात मुलगी द्यायला तयार नसतो.

चौथं अंग आजारी माणसाच्या स्वतःच्या मनात असतं. लोक जे बोलतात ते त्याला खरं वाटू लागतं. आपण नालायक आहोत म्हणून पितो, आपल्यात बळ नाही म्हणून रडू येतं, असं त्याचं त्यालाच वाटतं. मग दवाखान्यात जाणं म्हणजे स्वतःच्या नालायकीचा दाखला घ्यायला जाणं ठरतं. घरची बाईही झाकत राहते. नवरा कामावर का आला नाही असं कुणी विचारलं की ‘बुखार है’ म्हणून सांगते.

छत्तीसगडमध्ये याला आणखी एक धारदार बाजू आहे. मनाचा आजार बाहेरच्या बाधेचा समजून आधी बैगाकडे नेण्याची रीत इथे आहे. आपल्याकडच्या भगत-देवऋषीकडे जाण्यासारखीच ती. एवढ्यावर थांबलं तर फार बिघडत नाही. बैगा निदान माणसाचं ऐकून तरी घेतो. पण एकटी राहणारी, विधवा, स्वतःशी बोलणारी बाई ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरवली गेली की तिच्या जिवावर बेततं. हा छळ एवढा होता की राज्याला 2005 साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कलंक हा शब्द पुस्तकी वाटत असेल, तर त्याचं टोक कुठवर जातं हे या कायद्यावरून कळावं.

आता थोडं मागे जाऊ. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज दक्षिणेला सुमारे 90 किलोमीटरवरच्या दल्ली राजहरातून येत आलं आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या ठेका खाणकामगारांनी 1977 मध्ये स्वतःची संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात 11 जणांचे प्राण गेले. लढ्यातून मजुरी वाढली. आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानाकडे वाहू लागली. मजुरी वाढवून घेणं एवढंच संघटनेचं काम, असं मानणाऱ्या नेत्यानं याकडे डोळेझाक केली असती. नियोगींनी दारूविरोधी मोहीमच हाती घेतली. खाणीतल्या बायका तिच्या पुढे होत्या. वस्तीत बैठका झाल्या, पिणाऱ्याला सगळ्यांसमोर जाब विचारला गेला, दंड झाले. दारू ठेकेदारांचं वैरही ओढवलं.

याच संघटनेनं रुग्णालयही बांधलं. कुसुमबाई या कामगार नेत्या बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्यानं गेल्या, तो घाव त्यामागे होता. आधी छोटा दवाखाना निघाला आणि 3 जून 1983 रोजी गोळीबारातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ शहीद हॉस्पिटल सुरू झालं. कामगारांनी पैसे दिले आणि घामही दिला. बिनायक सेन, आशिष कुंडू, शैबाल जाना यांच्यासारखे डॉक्टर आले. पण इथे मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. खाणीतली पाळी संपवून आलेले कामगार तिथे आरोग्य कार्यकर्ते म्हणून शिकले. मलमपट्टी, अतिसार, क्षय हे विषय त्यांनी शिकून घेतले आणि आपल्या मोहल्ल्यात जाऊन सांगितले. ‘समुदाय आरोग्य कार्यकर्ता’ हा शब्द सरकारी कागदांत रुळायच्या कितीतरी आधी या पट्ट्यात ते प्रत्यक्षात घडलं होतं. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींची भिलाईतल्या घरात झोपेत हत्या झाली. त्यांनी लावलेली समज मात्र या भागात राहिली: आरोग्य हा संघटनेचा विषय आहे आणि दारू हा आरोग्याचा विषय आहे.

या वारशाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यातली एक अडचण सांगायला हवी. दारूभट्टीविरुद्धचा लढा आणि पिणाऱ्याची शुश्रूषा ही दोन वेगळी कामं आहेत. चारचौघांत जाब विचारल्यावर कधीमधी पिणारा सावरतो, कारण त्याचं पिणं अजून त्याच्या हातात असतं. ज्याचं शरीर दारूशिवाय सकाळ काढू शकत नाही, तो त्याच जाबानं लपून प्यायला शिकतो. गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, आणि तिथे 2016 पासून चाललेल्या मुक्तिपथ अभियानात गावाची दारूबंदी आणि व्यसनींचे उपचार हे दोन्ही हातात हात घालून चालवले गेले. सीमेपलीकडच्या छत्तीसगडला हे शेजारचं उदाहरण आहे. छत्तीसगडमध्ये 2017 पासून दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करतं. त्या दुकानाविरुद्ध बोलायचा वस्तीला पूर्ण हक्क आहे. पण दुकानावरचा राग गिऱ्हाइकावर निघाला, की उपचाराकडे जाणारी वाट बंद होते.

ही वाट उघडी ठेवणारी बाई छत्तीसगडकडे आहे. मितानिन. राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी जन्मलं आणि 2002 मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडी समाजात मितान बदण्याची जुनी रीत आहे, म्हणजे जात-कूळ न पाहता जन्मभराची मैत्री जोडायची. त्या नात्याचं नाव या कार्यकर्तीला दिलं गेलं. प्रत्येक पाड्यानं, तिथल्या भाषेत पाऱ्यानं, आपली एक बाई निवडायची असं ठरलं. 2005 नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला हा अनुभव उपयोगी पडला. आज राज्यात सुमारे 70 हजार मितानिन आहेत, आणि 2012 नंतर शहरी वस्त्यांसाठीही त्या नेमल्या गेल्या. भिलाईच्या झोपडवस्त्यांमध्ये दारोदार जाणारी मितानिन दीदी ती हीच. लसीकरण आणि बाळंतपण ही तिची ओळख असली, तरी रेशन, पाणी, बायकांना होणारी मारहाण, दारूचे अड्डे यांवरही मितानिनींनी ठिकठिकाणी आवाज उठवला आहे.

तिची ताकद म्हणजे ती त्याच गल्लीतली असते. तिची अडचणही तीच. कुठल्या घरात कोण पितो हे तिला कुणी सांगावं लागत नाही, आणि तिला सांगितलेलं नळावर पोचेल ही धास्ती प्रत्येक घराला असते. शिवाय ज्या समजुती गल्लीच्या, त्याच तिच्या. आरोग्य खात्याचं ओळखपत्र गळ्यात घातल्यानं मनातली अढी जात नाही. ‘पागल’, ‘बेवडा’ हे शब्द तिच्याही तोंडी असतात.

त्यामुळे दारू आणि मनाच्या आजारांवर काम करायला मितानिनीला प्रशिक्षण द्यायचं, तर त्याची सुरुवात तिच्यापासून व्हायला हवी. आपल्याकडच्या प्रशिक्षणांचा साचा ठरलेला आहे: पडदा, चित्रफिती, आजारांची यादी, शेवटी चहा आणि हजेरीपटावर सही. कलंकाच्या बाबतीत हा साचा फारसा कामाचा नाही. जगभरच्या संशोधनाचा आढावा घेऊन ‘लॅन्सेट’च्या आयोगानं 2022 साली जे ठामपणे मांडलं ते असं, की अढी सर्वांत जास्त कमी होते ती आजारातून गेलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष भेटीनं. नेपाळमधल्या चितवन जिल्ह्यात ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी याचा उपयोग करून घेतला. मानसिक आजारातून सावरलेल्या लोकांना त्यांनी स्वतःच्या आयुष्याचे फोटो काढायला आणि त्यावरून आपली हकिगत सांगायला शिकवलं. प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात ही माणसं समोर बसली. शिकवणारे ते, शिकणारे कर्मचारी.

भिलाईत हे करायचं तर समोर कोण हवा? दोन वर्षं दारूला न शिवलेला वेल्डर हवा, त्याची बायको हवी. तो काय सांगेल? पहिल्यांदा सोडली तेव्हा हात कसे कापत होते, दोनदा परत कशी सुरू झाली, ठेकेदारानं परत कामावर घ्यायला किती महिने लावले. परत सुरू झाली हा भाग त्यानं गाळता कामा नये. व्यसनमुक्तीच्या गोष्टी आपण कीर्तनातल्या उद्धारासारख्या सांगतो, म्हणून पहिल्यांदा घसरणारा माणूस सगळ्यांच्या मनातून उतरतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून सावरलेली माणसंच नव्या मित्रांना हात देत आली आहेत, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मितानिनीनं अशा माणसाबरोबर एक दुपार काढली, की ‘बेवडा’ हा शब्द जिभेवर येताना अडखळतो.

मग सराव येतो विचारण्याचा. आरोग्य कार्यकर्तीकडे 30 वर्षांवरच्या प्रत्येकासाठी भरायचा एक तक्ता असतो. मधुमेह-रक्तदाबाच्या प्रश्नांबरोबर त्यात अलीकडे मनाचेही दोन प्रश्न आले: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, उदास-निराश वाटलं का. प्रश्न उत्तम आहेत. पण ते ओसरीवर, सासूच्या देखत, हातात पेन धरून विचारले तर कुठली सून ‘हो’ म्हणेल? तक्त्यात ‘नाही’ची खूण होते आणि आकडेवारीत ती बाई ठणठणीत ठरते. म्हणून प्रशिक्षणात जागेचा सराव लागतो. पाणी भरायच्या वाटेवर विचारायचं, बाळाचं वजन करताना विचारायचं, झोप लागते का इथून सुरुवात करायची. आणि आधी एक वाक्य बोलायचं: दीदी, तुम्ही बोलाल ते माझ्याजवळच राहील, तुमच्या जिवाला धोका दिसला तरच मी मदतीला दुसऱ्याला हाक मारेन, आणि तेही तुम्हाला सांगून. जीव नकोसा होतो का, हे थेट विचारायला बहुतेक जणी घाबरतात. विचारल्यानं तो विचार मनात पेरला जाईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही, हे अभ्यासांतून पुन:पुन्हा दिसलं आहे. उलट विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं ठरवलं आहे, हेही तिला ठाऊक हवं. कारण पोलिसांच्या भीतीपोटी कित्येक घरं अशा माणसाला दवाखान्यात न्यायला कचरतात.

दारूच्या बाबतीत एक धडा कुठल्याही परिस्थितीत वगळता येणार नाही. रोज सकाळपासून पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असं वचन द्यायला लावणं धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमात जाऊ शकतो, नसलेलं दिसू लागतं, आणि उपचार न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, बाधा झाली. बैगाला बोलावणं जातं. शिकलेल्या मितानिनीला ही लक्षणं ओळखता आली तर ती रात्रीच गाडी बोलावेल. देवासमोर शपथ घ्यायला लावणाऱ्या सगळ्या सद्भावी लोकांनीही हे एकदा समजून घ्यावं असं मला वाटतं.

डॉक्टर नसलेली माणसं एवढं काम करू शकतात का, ही शंका रास्त आहे. गोव्यानं तिचं उत्तर दिलं आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आरोग्यसेवेचं कुठलंही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांवर या पद्धतीची चाचणी झाली. फक्त एक ते चार भेटी. आधी त्याच्या पिण्याचा त्याच्याच शब्दांत हिशेब, मग मित्रांना नाही कसं म्हणायचं, तलफ आली तर काय करायचं याचा सराव, आणि पुन्हा घसरण झाली तर काय, याची तयारी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के दारूपासून दूर होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 18 टक्के. जे पीत राहिले त्यांचं प्रमाण मात्र कमी झालं नाही, आणि पूर्ण आहारी गेलेले लोक या चाचणीत नव्हतेच. त्यांना तज्ज्ञाकडेच पाठवावं लागतं. या मर्यादा प्रशिक्षणात सांगितल्या म्हणजे मितानिन चमत्काराचं ओझं घेऊन फिरणार नाही. गोव्याच्या समुपदेशकांची आणखी एक सवय उचलण्यासारखी आहे. ते आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण परवानगीनं करत आणि एकत्र बसून ऐकत. इथे तू बोलत राहिलीस, त्याला बोलू दिलं नाहीस, हे मैत्रीण सांगते तेव्हा ते पटतं.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेला ‘विश्राम’ हा प्रयोगही भिलाईसाठी जवळचा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या छायेतल्या गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघर बोलणं केलं, मानसिक प्रथमोपचार दिले, आणि त्याच वेळी समुपदेशक व डॉक्टरही हाताशी ठेवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण 18 महिन्यांत 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेलं. नुसतं लोकशिक्षण करून हे झालं नसतं. लाज बाजूला ठेवून माणूस आरोग्य केंद्रावर आला आणि तिथे गोळ्या नसल्या, किंवा नर्सबाईनं चारचौघांत ‘हा कोणाचा पेशंट, पागल वाला का?’ असं विचारलं, तर तो परत येणार नाही, आणि मितानिनीचा शब्दही पडेल. छत्तीसगडमध्ये 2019 पासून बंगळुरूच्या निम्हान्समधून प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना दूरस्थ प्रशिक्षण दिलं जातं. ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही टेलिमानस सेवा फोनवर आहे. मितानिनीचं शिक्षण या साखळीला जोडूनच व्हायला हवं. तिनं पाठवलेला माणूस पोचला का, त्याला काय औषध मिळालं, हे तिला परत कळायला हवं.

आणि तिच्यासाठी काय? ही बाई महिन्याच्या ठरावीक पगारावर काम करत नाही. तिचं बरंचसं उत्पन्न कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून आहे. तिच्या यादीत आधीच गरोदर बाया, क्षयरोगी, मलेरिया, सर्वेक्षणं आहेत. त्यात ऐकून घेण्याचं काम घातलं तर त्याचा वेळ आणि त्याचे पैसे मोजावेच लागतील. ‘सेवाभाव’ म्हणून ते तिच्या पदरात टाकणं मला अन्यायाचं वाटतं. दुसरं त्याहून नाजूक. एक तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या पिते त्या राज्यात, प्रशिक्षणाला बसलेल्या तीस जणींपैकी कितीजणींच्या घरी संध्याकाळी तेच वाट पाहत असेल? दुसऱ्याच्या नवऱ्याशी शांतपणे कसं बोलायचं हे शिकताना तिला स्वतःच्या घरातला मार आठवणारच. त्यासाठी पहिल्याच दिवशी एक तास मोकळा ठेवावा, तिथे वरिष्ठ अधिकारी नसावेत. सल्ला हवा असेल तिला आपल्या ब्लॉकबाहेरच्या समुपदेशकाचा नंबर द्यावा, म्हणजे तिच्या घरची गोष्ट तिच्याच बैठकीत फिरणार नाही. दर महिन्याच्या बैठकीत कामाचे आकडे घेण्याआधी, या महिन्यात कुठलं घर जड गेलं, हे प्रशिक्षिकेनं विचारावं. कुणी काही सांगितलं तर ते वहीत लिहू नये.